वाचनालयाच्या भिंतीवरचं 'बे'

आदरणीय मामांस, भाच्याचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तिकडे तुमचा गुडघा काय म्हणतो? आईला तुमच्या गुडघ्याची काळजी आणि तुम्हाला आईच्या रक्तदाबाची, त्यामुळे दोघांनाही आपापलं दुखणं बघायला सवड होत नाही. मामींना नमस्कार. माझ्या मुलाखतीचं कात्रण कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवलंच असेल. 'अरबी सुलेखन मी परंपरेच्या जोखडातून सोडवलं' असं त्यात छापलंय. मामा, वर्तमानपत्रवाले काय, एकाचे दोन करतात. (म्हटलं मीच होतं. पण एवढ्या मोठ्या टायपात छापायची काही गरज नव्हती.)

तर इथल्या वाचनालयाने रस्त्याकडची अख्खी भिंत मला दिली आहे. रविवारी उद्घाटन. मात्र त्याआधी मी भिंतीवर नाव टाकलं नाही तर उद्घाटन रद्द आणि भिंतीला पांढरा रंग, असं चिटणीसबाईंनी बजावलंय. ते पुढे येईलच. काढायचं होतं एकच अरबी अक्षर, 'बे'. आडवं, होडीसारखं, पोटाखाली एक टिंब. बोरू आणि काजळीची शाई ही म्हाताऱ्यांची कामं (तुम्ही नव्हे, बाकीचे), म्हणून मी फरशी पुसायचे वायपर शेजारी शेजारी बांधले, त्यांना स्पंज लावला आणि बादलीत काळा रंग कालवला. बाई म्हणाल्या, आधी भिंत मोजून तरी घ्या. मी म्हटलं, कलावंत मोजत नसतो. परांचीवर चढलो आणि उजवीकडून जी रेघ ओढली, अहाहा, काय सांगू!

भिंत संपली तेव्हा अक्षर जेमतेम निम्मं झालं होतं. आता ह्यात चूक कुणाची म्हणाल, तर तुमची. लेखणीच्या रुंदीएवढं एक टिंब आणि ठरलेल्या टिंबांचं एक अक्षर, हे माप तुम्हीच माझ्या हाडीमाशी भिनवलंत. लहानपणी माझं 'बे' अर्ध्या टिंबाने आखूड निघालं तरी तुम्ही बोलायचा नाहीत. लाल शाईने तेवढी जागा मोजून दाखवायचात आणि चहा प्यायला उठून जायचात. चार शिव्या घातल्या असत्यात तर मी केव्हाच विसरलो असतो. इथे माझी लेखणी दरवाजाएवढी रुंद. त्या हिशेबाने अक्षर रस्ताभर जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बरं, मध्येच आवरतं घेतलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण हात ऐकेल तर शपथ. मी जोखडातून सुटलो, हात अजून तुमच्याकडेच नोकरीला आहे. शेजारी दातांचा दवाखाना. 'बे' त्यांच्या पाटीखालून, पाण्याच्या पाइपावरून जाऊन डौलात वर वळलं. राहिलं टिंब. ते मधोमध हवं, आणि मापाने मधोमध आली डॉक्टरांची खिडकी. टिंबाशिवाय 'बे' म्हणजे नुसता वाकलेला पत्रा, म्हणून काच रंगवली.

आत एक बाई खुर्चीत आ वासून बसल्या होत्या. खोलीत अचानक अंधार झाल्यावर डॉक्टर हातातल्या यंत्रासकट बाहेर आले. (यंत्र चालू होतं.) रस्त्यापलीकडे जाऊन त्यांनी बराच वेळ वर पाहिलं, मग येऊन माझा हातच धरला. त्यांना तो खालचा जबडा वाटला. टिंब म्हणजे नुकतीच उपटलेली दाढ. मी त्यांना लिपीचा इतिहास सांगू लागलो, तर म्हणाले, "असू द्या हो, झकास झालंय!" आता दवाखान्यात भर दुपारी दिवे लावतात आणि बाकावर बसायला जागा नसते. अख्ख्या गावात 'बे' दिसलेला माणूस मला अजून भेटायचाय.

चिटणीसबाई मात्र पेटल्या आहेत. निम्मं अक्षर डॉक्टरांनी नेलं, निदान नाव तरी आमच्या भिंतीवर टाका, निनावी काम आम्हाला नको, असं त्यांचं म्हणणं. आता उस्तादाने 'टाक' म्हणेपर्यंत शिष्याने कामावर नाव घालू नये, ही रीत जुनी झाली. तिला हल्ली कोण विचारतो? रोज सकाळी ब्रश घेऊन चढतो, जरा वेळ उभा राहतो आणि उतरतो. वर हवा छान असते.

तुमचा आज्ञाधारक (सोयीने) भाचा

ता. क. : भिंतीचा फोटो सोबत आहे. लाल शाई हाताशी असेलच.

दुसरा ता. क. : मामा, खोटं कशाला बोलू? टाकू का नाव? इतक्या भिंती रंगवल्या, एकीवरही माझं नाव नाही. लोक ह्याला माझं तत्त्वज्ञान समजतात. एक 'हो' कळवा, बाकी काही नको.

शेवटचा ता. क. : पाकीट बंद करताना आईने पत्र वाचलं (ती सगळ्यांचीच वाचते) आणि म्हणाली, तुमचे उस्ताद तुम्हाला 'हो' म्हणायच्या आधीच गेले, म्हणून तुमच्याही कामांवर नाव नाही, आणि ज्याला मिळालं नाही तो देणार कुठून. मामा, इतकी वर्षं मला वाटत होतं, माझाच हात कच्चा आहे. फार वाईट वाटलं हो. तर आता उत्तर पाठवू नका, शनिवारी स्वतःच या. परांची दोघांना पेलते. आधी मी तुम्हाला 'हो' म्हणतो, मग तुम्ही मला म्हणा. रीतीत हे बसत नाही, पण रागवायला आता आपल्या वरचं कोण उरलंय?