सव्वीस, नाबाद

डबो, रविवार

तीर्थस्वरूप म्युरिएलताईस,

क्लाइवचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि भाऊजींचा म्हातारा कुत्रा कसे आहेत? (दोघांपैकी कोण जास्त लंगडतं, तेही कळव.) इकडे मी तुझ्या माहेरचं नाव काढलंय.

माझ्या घोरण्याला कंटाळून ऊना परसातल्या चाकांवरच्या घरात, कॅरॅव्हानमध्ये, झोपायला गेली, हे तुला कळलंच असेल (तिनं ते बेकरीतसुद्धा सांगितलंय). एवढा संसार झाल्यावर बायको बिऱ्हाड हलवते, हे मला सोसेना. डॉक्टर म्हणाले, झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो. नाकावर मुखवटा लावून हवा आत ढकलणारं यंत्र घ्या. औषधांच्या दुकानातल्या शेरिलनं दोन यंत्रं वापरून बघायला दिली. दोन्ही आपापल्या अकलेनं चालणारी: घसा मिटू लागला की हवेचा जोर वाढवायचा, उघडला की कमी करायचा. पहिलं गरीब स्वभावाचं, जोर वाढवला तरी कळू न देणारं. दुसरं तापट, मुखवट्याच्या कडेनं हवा अशी सुटे की मिशा फडफडत. सकाळी पडद्यावर आकडा यायचा. पहिल्याचा चार. दुसऱ्याचा सव्वीस! आता मी एके काळचा सलामीचा फलंदाज. चारवर बाद होणारं यंत्र घरात ठेवीन? क्लबात सगळ्यांना बिअर पाजली आणि कॅरॅव्हानच्या दारावर खडूनं ‘सव्वीस, नाबाद’ लिहून आलो.

पहिलं यंत्र परत करायला गेलो, तर शेरिलनं कपाळाला हात लावला. “अहो काका, तासाला इतक्या वेळा तुमचा श्वास अडला, त्याचा आकडा आहे तो!”

“म्हणजे चार चांगला?”

“छानच की! हे क्रिकेट नव्हे, गोल्फ समजा. जितका कमी, तितके तुम्ही भारी.”

तेव्हा ताई, गरीब स्वभावाचंच ठेवून घेतलं. आता दोनवर आलोय. अख्ख्या डबो गावात एवढा कमी कोणाचा नाही (मी विचारून आलोय). आपल्या घराण्यात गोल्फ मीच आणला, हे भाऊजींना जरूर सांग.

तुझा कर्तबगार धाकटा भाऊ,
क्लाइव

ता. क. ऊना परत आली. पण आता तिलाच झोप येत नाही. इतकं शांत कसं म्हणून दचकून उठते आणि माझ्या छातीवर हात ठेवून बघते.

आणखी एक ता. क. नाताळात मला चिडवायला तू माझं घोरणं फोनवर रेकॉर्ड केलं होतंस ना? ते पाठव. तिच्या उशाशी हळू आवाजात लावून ठेवीन. फक्त मधे मधे जिथे माझा श्वास अडकलाय, तेवढं काढून टाक. तिथे ऊनाही श्वास रोखून धरायची म्हणे.