बोंबील, अस्वल आणि मढचं स्थळ

कुलूच्या वरचा कॅम्प
५ मे १९८६

चि. सौ. मथुरा हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

पोचले. तुझी नणंद अजून जिवंत आहे, असं हरेश्वरला सांग. बस जिथे थांबते तिथून पुढचा सगळा डोंगर पायी चढायचा होता, हे तुझ्या लेकीने मला कळू दिलं नाही. विचारलं तर सुगंधा म्हणते, आत्या, सांगितलं असतं तर तू आली असतीस का?

इथे देवदारांच्या जंगलात चार तंबू, दगडांची चूल आणि गोणपाटाच्या आड एक खड्डा आहे. त्या खड्ड्याला ही मंडळी बाथरूम म्हणतात. झोपायला पिशवी देतात. पांघरूण कुठे आहे, असं विचारलं तर सगळे हसले. शाळेत नन्सनी आम्हाला काटेचमचे धरायला शिकवलं, आणि आता निवृत्त झाल्यावर मी दगडावर बसून पत्र्याच्या मगातून चहा पिते आहे. थंडी गुडघ्यांत शिरते ती बाहेर यायचं नाव घेत नाही.

तुझ्या लेकीचा मात्र इथे दरारा आहे. पोरांना डोंगर चढायला शिकवते, सगळे मॅडम म्हणतात. कॅम्पचे प्रमुख एक निवृत्त सुभेदार आहेत. कॅम्प संपला की कायमच्या नोकरीसाठी तिचं नाव कॅम्प चालवणाऱ्या संस्थेकडे पाठवणार, असं ते म्हणाले. तुला हे आवडणार नाही, पण लपवत नाही.

तिला परत आणायचं काम माझ्या लक्षात आहे. मढच्या मुलाचा विषय अजून काढलेला नाही. आधी तुझे बोंबील भाजून खायला घालीन, मग बोलेन. चढताना गाठोडं भिजलं, म्हणून माझ्या तंबूच्या खांबापासून मागच्या झाडापर्यंत दोरी बांधून ते वाळत घातलेत. दांड्याच्या किनाऱ्यावरची बोंबील वाळवायची वलांडीच म्हण ना! सुगंधाला अजून पत्ता नाही.

माझ्यावर आहे तेवढा लोभ ठेव, निदान मी खाली उतरेपर्यंत.

तुझी दमलेली
कमळताई


खारदांडा
१३ मे १९८६

ती. कमळताईंना शि. सा. न. वि. वि.

ताई, तुम्ही तंबू बघायला गेलात की पोरगी आणायला? एक जूनला मढची मंडळी घरी येणार आहेत. मुलगा निर्व्यसनी, घरची बोट. त्याची आई आतापासूनच बाजारात मला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेते. सुगंधा कुठे आहे असं कोणी विचारलं की मी म्हणते, हवा खायला गेली. किती दिवस हवा खाणार?

तुम्ही लग्न केलं नाहीत. शिकलेल्या होतात, ऑफिसात होतात, म्हणून कोणी तोंडावर बोललं नाही. माझ्या पोरीला सोडतील का? आणि मढ म्हणजे काय, होडीत बसलं की आलंच. मी आजारी पडले तर दुपारपर्यंत पोर दारात. तुमच्या त्या डोंगरावरून ती येईपर्यंत माझं काय होईल? मासळीची पाटी उचलताना हल्ली पाठ धरते. यांना सांगत नाही, तुम्हाला सांगते.

बोंबील घाला आणि विषय काढा. उशीर करू नका.

तुमचा हात माझ्या डोक्यावर असू द्या, पण आधी पोरीला घेऊन या.

तुमची
मथुरा


डोंगराखालचं गाव
२१ मे १९८६

चि. सौ. मथुरा हिस आशीर्वाद.

तुझे बोंबील अस्वलाने खाल्ले.

चेष्टा नाही. इथे मांजरं नाहीत, हे पाहून मी निर्धास्त होते. आपल्याकडे आणखी कोणाची भीती असते? संध्याकाळी मी पाय पिशवीत घालून बसले होते. दोरी ओढली गेली आणि अख्खा तंबू माझ्या अंगावर आला. बाहेर घोरल्यासारखा आवाज. आधी वाटलं, सुभेदार. मग सुगंधा थाळी बडवत आली. पळाली नाही, एकेक पाऊल टाकत, लिलावाच्या वेळी तू ओरडतेस तश्शी ओरडत. ते जनावर बोंबलांची माळ तोंडात धरून निघून गेलं. तिने मला बाहेर काढलं, हातपाय चाचपले. मग तिला वास आला. माझ्याकडे बघितलं आणि पडलेला तंबू उभा करायला लागली.

सकाळी सुभेदारांनी सगळ्यांना उभं केलं. तंबूपाशी खाण्याची वस्तू ठेवायची नाही, हा इथला पहिला नियम. तो पाळला जातो की नाही हे बघणं सुगंधाचं काम. तेव्हा तिचं नाव पाठवणार नाही, असं ते म्हणाले. ती म्हणाली, चूक माझीच, मी तपासलं नाही. माझं नाव तिने घेतलं नाही.

मथुरा, मी फक्त गप्प बसायचं होतं. पोरगी माझ्याबरोबर त्याच बसने खाली आली असती आणि तुझं काम झालं असतं. मी गप्प बसलेसुद्धा. चहा झाला, भांडी घासून झाली. ती तंबूच्या दोऱ्या सोडवत होती, मान खाली घालून. मग मी उठले आणि सुभेदारांना सांगितलं, मासे माझे, पोरीला ठाऊक नव्हते. आणि भाचीने आत्याची पिशवी तपासायची असते असं वाटत असेल, तर तुम्हाला आत्या नसावी. तिचं नाव जाणार आहे. मला त्याच दिवशी कॅम्पबाहेर काढलं. कॅम्प संपेपर्यंत इथल्या धर्मशाळेत पडून आहे.

तुझं पत्र इथेच मिळालं. काल ती शिधा न्यायला खाली आली, तेव्हा मढचं स्थळ तिला सांगितलं. म्हणाली, तू बसमधून उतरलीस तेव्हाच ओळखलं होतं. मग एवढंच विचारलं, आईची पाठ कशी आहे? म्हणजे तिलाही माहीत होतं.

माझ्यावर हवा तेवढा राग धर, तिच्यावर नको.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

कमळताई


खारदांडा
२ जून १९८६

ती. कमळताईंना नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते फाडणारच होते. यांनी हातातून घेतलं आणि वाचलं.

काल मढची मंडळी आली. अस्वलाचं बोलायचं नाही, असं यांना बजावलं होतं. सरबत हातात पडायच्या आत यांनी सगळं सांगून टाकलं. मुलाची आई तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, रानात जनावरांमागे फिरणारी पोर, हिला आमच्या घरात कोण आवरणार? ताई, मला काय झालं कळलं नाही. मी म्हटलं, माझ्या पोरीने थाळी वाजवून अस्वल हाकललं. तुमचा मुलगा बोटीत उंदीर दिसला तर अख्खं मढ गोळा करतो, मला कोळणींनी सांगितलंय. सरबत तसंच राहिलं. मंडळी उठली.

हे कालपासून एकटेच हसतायत. मला हसू येत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी स्वतःच्या हाताने स्थळ घालवलं.

तुम्ही आलात की मी काही दिवस बोलणार नाही. मनधरणी करू नका, जेवण वाढीन.

आणि तिला विचारा, बर्फ पडल्यावर तिथे पत्र पोचतं का? रस्ता बंद झाला तर घरचं कोण कळवणार? मी विचारलं असं सांगू नका.

राग गेला नाही. माया आहे ती आहेच.

मथुरा