डांबराची गाठ

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९६५

जवळच्या शिरवणे गावात काल नामा नावाच्या एकाचं घर जळालं. आग वायरच्या जोडातून लागली – बाळाराम वायरमनने जागेवर जाऊन पाहिलं, त्यानेच सांगितलं. माणसं वाचली. नामाच्या आईचे दोन्ही हात भाजले.

तो जोड कसा बांधायचा, हे नामाने माझ्या लेखात वाचलं होतं.

ठाण्याच्या साप्ताहिकात ऑक्टोबरात आलेला लेख. आमच्या दिवाळे गावात वीज आली, पण खाऱ्या हवेत जोडावरची चिकटपट्टी टिकेना. तेव्हा जाळी विणणाऱ्या हिरामणकाकांनी वायरची टोकं जाळ्याच्या गाठीने बांधली, वरून डांबरात बुडवलेलं सूत गुंडाळलं. मला कौतुक वाटलं. आकृतीसकट छापलं.

बाळाराम म्हणाला, “दिव्याला चालून गेलं. नामाने विजेची शेगडी आणली. गाठ आतून सैल, ती तापते. वर डांबर. भाऊ, तुमी मशालीचा काकडाच बांधून दिला लोकांना.”

बुधवार, १०

ठाण्याला जाऊन संपादकांना भेटलो. “शनिवारी दुरुस्ती म्हणून चार ओळी देतो. अख्खा लेख चुकला असं कोणी छापतं का?” चार ओळी घेतल्या. चार ओळी किती जण वाचतात, ते मला ठाऊक आहे.

संध्याकाळी हिरामणकाकांकडे. जाळं सांधत बसले होते. वर न बघता म्हणाले, “चालीस वर्सं माजी गाठ दर्यान सुटली नाय. तुजी वीज दर्यापक्षी मोठी?”

म्हटलं, सुटत नाही काका, तापते.

“मंग त्या शेगडीवाल्याला जाऊन बोल.”

शेजारची दमयंती मासळीची पाटी उतरवत होती. ती म्हणाली, “काका, तुमची गाठ लाख मोलाची. पन माज्या घरातली काढा. पोरं तिच्याखाली झोपतात.”

काकांनी जाळ्याचा पुढचा फास ओढला.

गुरुवार, ११

गावात काकांची गाठ असलेली त्रेचाळीस घरं फिरलो. सगळे ऐकून घेतात, चहा देतात. जोडाला कोणी हात लावू देत नाही. म्हणतात, काकांना काय वाटेल? दोन घरांत शेगडीची मागणी नोंदवलेली आहे.

शुक्रवार, १२

बाळारामला काकांच्या अंगणात घेऊन आलो. खांबाला वायर, पुढे शेगडी. मधला जोड त्याने काकांच्याच हातात दिला. “तुमीच बांधा. मागनं कच्ची बांधली म्हनू नका.”

काकांनी सावकाश बांधली. सुंदर गाठ. पन्नास माणसं बघत होती.

सहा मिनिटांत डांबर ठिबकायला लागलं. नवव्या मिनिटाला बोटभर ज्योत, आणि ती सुतावरून सरकत निघाली. बाळारामने बटण खेचलं. काकांनी ओंजळीने वाळू टाकली.

 मग काका आत जाऊन सुरी घेऊन आले. बाळारामला म्हणाले, “गावाची वीज बंद कर.” आणि आधी दमयंतीच्या घरात शिरले.

शनिवार, १३

एकतीस घरं झाली. काका जोड कापतात, बाळाराम नवा बसवतो – वायरी घट्ट पिळून, चिनीमातीच्या डबीत स्क्रूने आवळून. मी शिडी धरतो. भागीरथी म्हातारी दारात आडवी – “अरे मेल्या, चांगली गाठ सोडतोस कशाला?”

“चांगली हाय म्हनून सुटत नाय, मावशे. कापतो.”

माझ्या चार ओळी आल्या. पान तीन, केशतेलाच्या जाहिरातीखाली.

रविवार, १४

त्रेचाळीस पूर्ण. दुपारी जेवून झोपलो. आठवड्यातली पहिली झोप.

सोमवार, १५ – दुपारी साडेबारा

आत्ता टपालात कार्ड आलं. पनवेलपलीकडच्या करंजाडे गावचा कोणी गोवर्धन. गुरुवारी लिहिलेलं. ‘आपला लेख वाचून आम्ही मांडवातले सगळे जोड तसेच बांधले आहेत. सोमवारी संध्याकाळी सहाला आमच्या गावात वीज सुरू होते. गवताचा मांडव, एका वायरवर साठ मोठे दिवे. सगळा गाव जमेल. आपण अवश्य यावे.’ एका वायरवर साठ मोठे दिवे म्हणजे चार-पाच शेगड्यांचा भार.

शनिवारचा अंक तिकडे बुधवारी पोचतो, तार केली तर उद्या. एसटी गेली, पुढची साडेपाचला. काकांनी होडी काढली आहे. ओहोटी लागली, पनवेलपर्यंत उलट्या पाण्यात वल्हवायचं, पुढे पायी.

सहाला बटण दाबतील.