चार चेहऱ्यांचं कार्ड

मंगळवार, संध्याकाळ

काय करून बसले मी. श्रीनूअण्णाने अमेरिकेतून परतल्यावर बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा डबा माझ्याकडे जपायला दिला होता. परवा आवरताना एक दुमडलेलं कार्ड दिसलं, चार खेळाडूंचे बारीक चेहरे असलेलं. त्यातल्याच एकाचं एकट्याचं, कोरं करकरीत कार्डही डब्यात होतं. मग हे कशाला, म्हणून चार चेहऱ्यांचं रद्दीत टाकलं.

आज दवाखान्यात त्या एकट्याच्या कार्डाचा विषय निघाला, तर अण्णा म्हणाला, "एकट्याचं कार्ड त्याच्या नंतरच्या वर्षीचं गं. नवखा असताना तो पहिल्यांदा छापून आला तो त्या चौघांत. रुकी कार्ड म्हणतात ते तेच. ऑपरेशनच्या आधी एकदा बघायचंय. उद्या आणशील की?"

मी हो म्हणाले. का म्हणाले?

तिथून तडक रद्दीवाल्याकडे गेले. त्याने दोन पोती माझ्यासमोर उपसली. "बाकीचा माल कालच गेला की, ताई." तळहाताएवढं कार्ड, त्यावर चार चेहरे. आता कुठं शोधू?

आत्ता खरं सांगायचं ठरवून अण्णाला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "तुझ्याकडं आहे म्हणून मी निर्धास्त आहे बघ."

मी फोन ठेवला.