यादीतला तिसरा पिक्चर

रविवार. आचरा. दिवेलागणीनंतर.

मनूने जाण्याआधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलेली यादी आज शेवटी काढली. 'घरी बघायचे अंतराळाचे पिक्चर'. पाच नावं, आणि तिसऱ्यापुढे 'आई, हा नक्की'. लेक कॅनडात गेली त्याला दोन वर्षं होतील. इतके दिवस यादी का नाही काढली? बघून संपली असती म्हणून, दुसरं काय.

पावसामुळे होडी वर काढलेली, त्यामुळे हेही घरी. तिसराच लावला. मुलगी यानाकडे निघते आणि आई मागून विचारते, "कुठे चाललीस? कधी येशील?" हे ताडकन उठून बसले. "पाठसून इचारूचा नसता! हिका कोणी सांगूक नाय काय?"

आमच्यात नाहीच विचारत. हे दर्यात निघताना तीस वर्षं मी तोंडातून शब्द काढलेला नाही. मनू निघाली तेव्हाही त्याच सवयीने उंबऱ्यात गप्प उभी राहिले. तिने दोनदा वळून पाहिलं. मी विचारण्याची वाट बघत होती का?

पिक्चरमधली मुलगी पुढे दोन तास घरी परतायचीच धडपड करत होती. यान मोडलं, हवा संपत आली, तरी.

"बघ, इचारल्यान म्हणान अडाकली," हे म्हणाले.

मला उलटंच वाटलं. विचारलं म्हणूनच तर ती परत आली.

'आई, हा नक्की.'

मनू, कधी येतलंस गो?