नरकासुराचा चष्मा

मुलुंड (पूर्व),
शनिवार, १२ नोव्हेंबर १९८८

चि. जयवंत यास ताईचे आशीर्वाद.

इथे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. आईचा गुडघा दुखतो. करंज्या डब्यात तशाच पडल्यात, कुणी हात लावत नाही. तू बांद्याला काशीराममामांकडे सुखरूप पोचलास हे तुझ्या दोस्ताच्या, त्या बाळाच्या भावाकडून कळलं, तेव्हा कुठे आईनं दोन घास खाल्ले.

काल भाऊबीज झाली. सवयीनं पाट मांडला, रांगोळी काढली आणि मग ध्यानात आलं, भाऊ पळून गेलाय. ताट उचललं, नळाच्या कट्ट्याशी गेले आणि चंद्राला ओवाळलं. शेजारच्या सुंदराबाई खिडकीतून बघत होत्या. बघेनात का.

पोलीस दोनदा येऊन गेले. चाळीत चौदा खोल्या, एकीला कुलूप, आणि उरलेल्या तेराही खोल्यांनी एकच सांगितलं, अंधार होता, काही दिसलं नाही. मीसुद्धा तेच सांगितलं. पहाटे साडेचारला पाणी येतं, अख्खी चाळ बादल्या घेऊन नळाशी होती, डोक्यावर बल्ब जळत होता, पण दिसलं मात्र कुणालाच नाही. फौजदार हसला. म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ कुठाय?" म्हटलं, बोर्ड रंगवायला नाशिकला गेलाय. मग त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत अर्धवट जळलेला चष्मा. "हा नरकासुराला कुणी घातला?" म्हटलं, मला काय ठाऊक, पोरांना मिळाला असेल भंगारात.

ते जाऊ दे.

मला तुझा राग आलाय, मेल्या. एवढा हात चालतो का तुझा? पण लोकांना मी एकच सांगते, मजा होती ती. दरवर्षी आपण गावाकडच्यासारखा नरकासुर करतो, चतुर्दशीला पहाटे जाळतो, मग आंघोळी. दरवर्षी तू त्याला कुणाचं तरी तोंड देतोस. गेल्या वर्षी रेशनवाल्याचं दिलंस, तर तो स्वतः येऊन पोरांना पेढे वाटून गेला. त्याच्या आदल्या वर्षी घरमालक. कुणाच्या पोटात दुखलं नाही. या वर्षी समोरच्या शिवदासकाकांचं दिलंस, एवढंच.

आणि काकांनीही थोडं ओढवून घेतलं. वर्गणी द्यायची नाही ना, नका देऊ. ते बौद्ध, त्यांना आपले सण नकोत, हे चाळीला बारा वर्षं ठाऊक आहे. मीटिंगमध्ये उभं राहून बोलायचं कशाला? "ज्याला जाळता तो कुणाचा तरी राजा होता. त्याला राक्षस कुणी म्हटलं? मारणाऱ्यानंच ना? पायाखाली कारीट फोडता, रस जिभेला लावता. ते रक्त कुणाचं, एवढं तरी एकमेकांना विचारा." मी म्हटलं, "काका, पोरांची मजा आहे हो. एवढं काय मनाला लावून घेता?" तर म्हणाले, "मजा करा. मला बोलवू नका." बाळा तिथेच पेटला होता.

काकांना लागलंय, पण इस्पितळात आहेत, बरे होतील. रतनकाकी माझ्याशी बोलत नाहीत. समोर कुलूप बघून आई दार लोटून घेते.

तू मामांच्या आवाराबाहेर पाऊल टाकू नकोस. पत्रही पाठवू नकोस, पोस्टमन आधी सुंदराबाईंच्या हातात देतो. मी तोंड उघडणार नाही. आईची शपथ.

तुझीच,
वनाताई


मुलुंड (पूर्व),
गुरुवार, २४ नोव्हेंबर १९८८

जयवंता,

वर आशीर्वाद घातले नाहीत, ते विसरले म्हणून नाही. शेवटपर्यंत वाच.

सोमवारी मी कंपनीतून अर्धी सुट्टी घेतली, पेज केली आणि इस्पितळात गेले. आईला सांगितलं, पार्सल विभागात जादा काम आहे. वॉर्डाच्या दारात रतनकाकी बसल्या होत्या. त्यांनी डबा घेतला नाही. मी तिथेच उभी राहिले. मग मला माझंच नेहमीचं वाक्य सुचलं. म्हटलं, "काकी, पोरांनी मजेत तोंड काढलं हो. रेशनवाल्याचं काढलं तेव्हा तो हसलाच होता."

काकी म्हणाल्या, "त्याला हसू येणारच, वनमाला. माझ्या चुलत्याचं घर जाळलं ना गावात, तेव्हा बाहेर पोरं नाचत होती. फौजदाराला गाव म्हणालं, शिमग्याची मजा चालली होती, ठिणगी उडाली." एवढं बोलून त्या बाजूला सरकल्या आणि मला आत जाऊ दिलं.

जयवंता, काकांचा डावा डोळा काढला. गालाचं मांस कानापर्यंत जळलंय, तिथे पिवळी जाळी लावलीय. तीन बरगड्या मोडल्यात. बोलताना धाप लागते. मला बघून नाही, आवाजावरून ओळखलं. "कोण, वनमाला का?" म्हणाले. दहावीला माझं गणित घेताना दार वाजलं की असंच विचारायचे.

म्हणाले, "पोलीस नावं विचारतात गं. पण पहिल्याच धक्क्याला माझा चष्मा उडाला. चष्म्याशिवाय मला समोरच्याचं नाक दिसत नाही. अंदाजानं कुणाचं नाव कसं घेऊ?" मग म्हणाले, "तू कट्ट्याशी होतीस ना? तुला दिसलं असेल."

मी "येते" म्हणून निघाले.

मला सगळं दिसलं, गाढवा. मी उटण्याची वाटी घेऊन उभी होते. काका बादली घेऊन आले, नरकासुराकडे बघून थबकले. स्वतःचं तोंड बघून नव्हे. त्यावर ते काही बोलले नसते, बादली भरून गेले असते. ते चष्म्याकडे बघत होते. काळी जाड फ्रेम, डाव्या काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. ते स्टुलावर चढले, तो काढला आणि म्हणाले, "हा मी सीतारामभाऊंना दिला होता." एवढंच बोलले. आपल्या बाबांचं नाव घेतलं, शिवी नाही दिली, मुखवट्याला हातही लावला नाही.

बाळानं त्यांचे पाय ओढले. ते तोंडावर आपटले. तू बांबू उचललास. पहिला पाठीत, दुसरा बरगडीत, तो मोडल्याचा आवाज मला नळापर्यंत ऐकू आला. पोरं "गोविंदा, गोविंदा" ओरडत होती, कारीट फोडताना ओरडतात तशी. काका उताणे झाले, हात वर केला. तेव्हा तू बाळाच्या हातातला पेटता टेंभा घेतलास आणि त्यांच्या डोळ्यात खुपसलास. चुकून लागला म्हणू नकोस. तू खाली वाकलास, नेम धरलास. नंतर बाबांचा चष्मा उचलून आगीत टाकलास आणि हसलास.

आणि त्यानंतर काय झालं, तेही लिहिते. मागाहून धावत आलेल्या रतनकाकी रस्त्यात उभ्या राहून रिक्षा थांबवत होत्या, आणि आईनं माझ्या अंगाला उटणं लावलं. आंघोळ झाल्यावर पायाखाली कारीट दिलं. मी फोडलं. बोटाला लावून जिभेला लावलं. रतनकाकींच्या हाका ऐकू येत होत्या, तरी लावलं.

आता ते, जे गेल्या पत्रात मी "जाऊ दे" म्हणून सोडलं. तुला ठाऊकच आहे, पण मला ते एकदा माझ्या हातानं लिहायचंय. बाबांना दिसेनासं झालं तेव्हा नवी फ्रेम परवडत नव्हती, म्हणून काकांनी आपली जुनी दिली. बाबा गेल्यावर ती त्यांच्या तपकिरीच्या डब्याशेजारी ट्रंकेत होती. आदल्या संध्याकाळी तू मुखवटा रंगवून विचारलंस, "ताये, काकांसारखा दिसतो काय गो?" मी म्हटलं, "चष्म्याशिवाय कसले रे काका?" आणि ट्रंक उघडून मीच काढून दिला. मीच काडी मुखवट्याच्या कानाला अडकवली. आपण दोघं पोट धरून हसलो. आईसुद्धा हसली.

तो चष्मा नसता तर काका बादली भरून घरी गेले असते. हे मला रोज, जेवताना, पार्सलला सुतळी बांधताना, सारखं वाटतं.

काल मी आईला सांगितलं, पोलीस ठाण्यात जाते. आईनं उंबऱ्यात बसकण मारली. "तोंड उघडलंस तर माका आई म्हणा नको. एकच झील माझो." मी तिच्या अंगावरून पाय टाकून गेले. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

फौजदाराला आधी चष्म्याचं सांगितलं, माझ्या नावानं. मग बांबूचं आणि टेंभ्याचं, तुझ्या आणि बाळाच्या नावानं. त्यानं विचारलं, "नाशिकला कुठे असतो तो?" म्हटलं, खोटं सांगितलं होतं. मामांच्या घराचा पत्ता लिहून दिला. वाडी, घर, माडाच्या बागेतून जाणारी पायवाट, सगळं. त्यांची जीप रविवारी निघणार. हे पत्र शनिवारच्या टपालानं पोचलं तर संध्याकाळची एसटी धर आणि स्वतः ठाण्यात येऊन उभा राहा. मी दारात असेन. तुला आत नेईपर्यंत तुझ्याबरोबर राहीन, डबा आणीन, वकील बघीन. पण जबाब मागे घेणार नाही, पाया पडलास तरी.

तुला मी कडेवर घेऊन वाढवलंय रे. तुझ्या हाताला पहिला ब्रश मीच दिला होता. आज घरात तुझं एकेक रंगाचं डबडं दिसतं आणि मला रडू येतं. तरी इस्पितळात तो माणूस माझ्या तोंडाकडे कान लावून बसलाय. त्याला डोळा नाही, आणि चाळीत डोळे असलेलं कुणी नाही.

"तुझी ताई" असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. काल जबाबाखाली जी सही केली, तीच इथे करते.

वनमाला सीताराम परब
प्रत्यक्ष पाहणारी