ठिपक्याची बाजू

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण मीच इतका घाबरलोय की ते वाक्य मला शोभणार नाही. जेवणाच्या सुट्टीत एका रिकाम्या पेटीवर बसून लिहितोय, अक्षर वाकडंतिकडं येतंय, सांभाळून घे. आधीच सांगून टाकतो : मी कुणाला मारलेलं नाही, काही फोडलेलं नाही आणि नोकरी शाबूत आहे.

आमच्या संग्रहालयात पुढच्या महिन्यात मोठं प्रदर्शन आहे. ठिकठिकाणची चित्रं लाकडी पेट्यांतून येतायत आणि त्या उघडायचं काम आमच्याकडे. आमचे पेटीमास्तर स्क्रू काढताना बोलू देत नाहीत, श्वाससुद्धा बेताने घ्या म्हणतात. आज सकाळी एक लहानशी पेटी उघडली, वरचा कागद बाजूला केला आणि तो हातात तसाच धरून राहिलो. आत तळटीपच्या प्रबंधातली बाई होती.

तळटीपबद्दल तू माझ्याकडून इतकं ऐकलंयस की तुझे कान किटले असतील. कुठलंही वाक्य बोलली की 'पण याला एक अपवाद आहे' असं खाली जोडते, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. मी कलेचा इतिहास शिकायला गेलो आणि निम्मं वर्ष तिच्या डाव्या तळहाताच्या कडेला लागलेली शाई बघण्यात घालवलं. डावरी आहे ना, लिहीत जाते आणि लिहिलेलं पुसत जाते. पण तिचं चित्र काय आहे ते तुला कधी नीट सांगितलं नाही. ते आता ऐक, कारण सगळी भीती त्यातच आहे.

एका नावाजलेल्या चित्रकाराने आपल्या बहिणीचं काढलेलं हे चित्र, असं आजवर सगळे मानतात. बहीण हातात ब्रश घेऊन थेट आपल्याकडे बघते. आमच्या विभागात त्याची एक जुनी स्लाइड आहे, आणि त्या स्लाइडमध्ये ब्रश तिच्या डाव्या हातात दिसतो. तळटीपने विचारलं, डाव्या हातात का? आणि तिनेच उत्तर काढलं की आरशात उजवा हात डावा दिसतो. म्हणजे ही बाई आरशात बघून स्वतःलाच रंगवतेय. म्हणजे चित्र भावाचं नाही, बहिणीचं आहे. आख्खा प्रबंध या एका हातावर उभा आहे.

आणि ताई, खऱ्या चित्रात ब्रश उजव्या हातात आहे.

मी तीनतीनदा स्वतःचे हात वर करून बघितले. पेटीमास्तरांनी विचारलं की व्यायाम करतोयस का. स्लाइडच उलटी आहे गं. प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर एका कोपऱ्यात लाल ठिपका असतो, तो बघून ती प्रोजेक्टरमध्ये सरकवतात. कुणीतरी फार पूर्वी या स्लाइडवर ठिपका चुकीच्या बाजूला लावला आणि तेव्हापासून ती बाई भिंतीवर उलटीच पडत आलीय. चित्र कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांचं दालन दुरुस्तीसाठी कधीचं बंद. ताडून बघणार कशाशी?

एकवीस तारखेला तिची तोंडी परीक्षा. बाहेरून येणारे परीक्षक कोण, तर त्याच दालनाचे जुने प्रमुख. त्यांच्या टेबलासमोर हे चित्र वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. त्यांना पहिल्याच पानावर कळलं असणार. आता ते सगळ्यांसमोर विचारणार.

खरं सांगतो, पेटी उघडल्यावर क्षणभर मला बरं वाटलं. वाटलं, आता तिला माझी गरज पडेल. आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटायला लागली.

सांगू कसं? मागल्या वर्षी भिंगसर (खिशात सदैव भिंग, म्हणून) भर वर्गात म्हणाले की या बाईंना प्रत्येक चित्रामागे बाईच दिसते. वर्ग हसला आणि मी प्रोजेक्टरच्या टेबलाला लाथ घातली. पुढचं तुला पाठ आहे. 'तुमची डिग्री तुम्हालाच लखलाभ' म्हणून मी तरातरा निघालो. वाटलं होतं ती मागून धावत येईल. आली ती चिठ्ठी : माझं भांडण मला भांडता येतं, माझ्या अभ्यासात पुन्हा नाक खुपसू नकोस, मला लिहूही नकोस.

काय करू ते लवकर कळव. लोभ आहेच, या वेळी त्यात थोडी अक्कल घालून पाठव.

तुझा,
आगपेटी

---

८ फेब्रुवारी

चि. आगपेटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे भावोजी म्हणाले की याने काही फोडलं नाही असं सुरुवातीलाच लिहिलंय, म्हणजे नक्की काहीतरी फोडलंय. मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं तेव्हा पटलं. आता मला भीती वाटतेय ती स्लाइडची नाही, तुझी.

भावाच्या नावावर बहिणीचं काम, यात त्या पोरीला इतकं शोधण्यासारखं काय वाटलं कोण जाणे. तुझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या वह्या कोण रंगवायचं? बक्षीस घेताना तू माझ्याकडे बघितलंही नव्हतंस. असो.

उलट्या फिल्मची भीती मला तू सांगू नकोस. मी एक्स-रेच्या खोलीत दिवस काढते. फोटो घेताना पेशंटच्या बाजूला आम्ही शिशाचं अक्षर ठेवतो, डाव्याला वेगळं, उजव्याला वेगळं. ते अक्षर उलटं दिसलं की फिल्म उलटी. गेल्या पावसाळ्यात मोठ्या डॉक्टरांनी घाईत फिल्म उलटी लावली आणि चांगल्या पायावर ऑपरेशनच्या खुणा करायला घेतल्या. चार माणसं उभी होती. तरी मी बोलले. ते माझ्यावर खेकसले, मग फिल्म काढून बघितली आणि सरळ करून लावली. आजतागायत ते माझ्याशी धड बोलत नाहीत. पण तो माणूस दोन्ही पायांवर चालत घरी गेला.

तेव्हा सांगायचंच. पण स्वतः जायचं नाही. तू गेलास की तुझं तोंड आधी जातं आणि डोकं मागून येतं. कागदावर लिही. त्यात ब्रश कुठल्या हातात आहे तेवढंच असू दे. तुझं प्रेम, तुझा राग, तिच्या तळहातावरची शाई, यातलं काही नको. लिहून झालं की निम्मं खोड. आणि भिंगसरांच्या आसपास फिरकू नकोस, तुझ्या लाथेची भरपाई अजून माझ्या डोक्यात आहे.

रात्री नीट झोप. आमचा लोभ आहे तो आहे, तू फक्त धीर वाढव.

तुझी,
ताई

---

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट परत आलं. न उघडता. वर तिच्याच डाव्या हाताचं फरफटलेलं अक्षर : 'एकवीसनंतर.'

मी तू सांगितलंस तसंच केलं होतं. पहिला मसुदा पाच पानी झाला, शेवटचा पाच ओळी. विभागाच्या शिपायाकडे दिला. तो म्हणाला, तूच ना तो लाथवाला? मी हो म्हणालो. रागावलो नाही. बघ, किती घाबरलोय ते.

त्याने पाकीट परत आणून दिलं तेव्हा मी स्लाइडच्या खोलीबाहेरच उभा होतो. दार अर्धवट उघडं. आत ती उजेडाच्या टेबलावर वाकून बसली होती, खालून पांढरा उजेड तोंडावर. समोर तीच स्लाइड असणार. एवढीशी, नखाएवढी. ओठ हलत होते, परीक्षेत बोलायचं पाठ करत होती. वाळलीय गं. मध्येच थांबली आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं. मला वाटलं दार ढकलावं आणि ओरडावं की उलटी आहे, उलटी आहे, बंद कर! पाय जागचा हलला नाही. तोंड आधी जातं म्हणालीस ना, ते तोंडसुद्धा गेलं नाही.

तेवढ्यात भिंगसर जिन्यावरून आले. मला बघून थबकले आणि म्हणाले की नवीन प्रोजेक्टर जरा महाग आहे, लांबून नमस्कार कर. मी खरंच नमस्कार केला आणि जिना उतरलो. त्यांनाही माहीत नाही, ताई. तेही इतकी वर्षं हीच बाई उलटी दाखवत आलेत.

रोज सकाळी पेटीतल्या त्या चित्राकडे जातो. वाटतं, आज ब्रश दुसऱ्या हातात असेल. नसतो. ती बाई माझ्याकडे अशी बघते की जणू मीच काहीतरी केलंय. दिवस संपत चाललेत. काहीतरी सुचव, नाहीतर मी ते दार खरंच मोडेन.

लोभ कमी झाला असेल तरी उत्तर दे.

तुझा,
आगपेटी

---

१६ फेब्रुवारी

चि. आगपेटीस,
अनेक आशीर्वाद.

दार मोडू नकोस, गाढवा. पोस्टकार्ड टाक.

पाकीट न वाचता परत करता येतं. पोस्टकार्ड परत करायला हातात घेतलं की वाचून होतंच. हे मला तुझ्या भावोजींनी लग्नाआधी शिकवलं. माझी आई त्यांची पाकिटं परत पाठवायची. तुझीच आई ती, तुला ठाऊक आहे.

फार लिहू नकोस. चित्र तुमच्याकडे आलंय, येऊन डोळ्यांनी बघ, एवढंच. आणि तू त्या खोलीत नसशील असं वचन दे. मग खरंच नसू नकोस... म्हणजे नसच. कळलं ना? मीही घाबरलेय, म्हणून असं लिहिलं जातंय. त्या पोरीला मी कधी बघितलेलं नाही, पण काल फिल्म धुताना सारखी तीच डोळ्यांसमोर येत होती.

लोभ भरपूर आहे, भीती त्याहून जास्त.

तुझी,
ताई

---

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आली होती. आज. परीक्षा उद्या आहे.

पोस्टकार्डावर तीनच वाक्यं लिहिली : 'चित्र आमच्याकडे आलंय. बोलण्याआधी येऊन बघ. मी त्या खोलीत नसेन.' खाली सही केली नाही, पण माझं अक्षर तिला कळतं.

मी वचन पाळलं. खोलीत नव्हतो. बाहेर रिकाम्या पेट्यांच्या थप्पीमागे होतो, आणि दार उघडं राहिलं त्याला मी काय करू. पेटीमास्तरांना मी सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी तिला हातमोजे दिले, चित्र उभं करून दाखवलं आणि नेहमीप्रमाणे श्वास बेताने घ्यायला सांगितलं. तिने तो घेतलाच नसावा.

ती बघत राहिली. मला तिची फक्त पाठ दिसत होती. आधी वाटलं तिला कळलंच नाही. मग खांदे खाली आले, एकदम, पेटीचे स्क्रू निघाल्यावर फळी सुटते ना, तसे. ती खाली पेटीवर बसली. पेटीमास्तर पाणी आणायला बाहेर आले, माझ्याजवळून गेले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की पोरगी पांढरी पडलीय.

मला धावत जायचं होतं. माझ्या हातात हातोडी होती, ती मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली, म्हणजे हात दुसरं काही करणार नाहीत. ताई, रागात मी पुष्कळदा उभा राहिलोय. भीतीत नुसतं उभं राहायला किती जोर लागतो ते आज कळलं.

मग ती उठली. पिशवीतून पेन्सिल काढली, डाव्या हातात धरली आणि चित्रासमोर हात वर केला. मग उजव्या हातात. मग परत डाव्या. बराच वेळ तशीच उभी. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पेटीमास्तर पाणी घेऊन आले तरी हात वरच. मग पाणी न पिताच निघून गेली. माझ्या पेट्यांसमोरून गेली. थांबली नाही.

आता काय करेल? परीक्षेला जाईलच ना? की नाही जाणार? स्लाइड तशीच लावली आणि त्यांनी विचारलं तर? मी सांगितलं नसतं तर निदान आजची रात्र तरी तिने सुखाने काढली असती. हे मी बरं केलं ना? तुझ्या त्या पायवाल्या माणसासारखं ना?

लोभ असू दे. उद्या दुपारी माझी आठवण काढ, आणि माझ्याआधी तिची.

तुझा,
आगपेटी

---

२४ फेब्रुवारी

रा. रा. आगपेटी यांस,
स. न. वि. वि.

पेट्यांच्या थप्पीखालून तुझे बूट दिसत होते. वचन अक्षरशः पाळलंस, म्हणून बोलत नाही.

परीक्षेचं ऐक. आदल्या रात्री मी घरी जायची पिशवी भरून ठेवली होती. सकाळी ती उचललीही. जिन्यात दर चार पायऱ्यांनी ती खाली ठेवावी लागली, शेवटी बसले, आणि बसल्या बसल्या वाटलं की पळून जायलाही जर इतकाच त्रास होत असेल, तर मग विभागातच जावं.

अंधार झाला, प्रोजेक्टरचा पंखा घरघरायला लागला. मी स्लाइड लाल ठिपका बघून लावली, नेहमीसारखी. सगळ्यांनी बघितलं. मग ती काढली, उलटी केली, परत लावली आणि म्हणाले की चित्र असं आहे. माझा प्रबंध त्याच्या उलट्या बाजूवर उभा आहे. भिंगसर उठून भिंतीपर्यंत गेले, भिंग लावून भिंतीवरचा उजेडच बघत बसले. ते घाबरलेले मी प्रथमच बघितले. मला वाटलं होतं मजा वाटेल. नाही वाटली.

बाहेरच्या परीक्षकांनी त्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, त्यावर एकच प्रश्न लिहिला होता आणि तो विचारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी मला विचारलं की तुम्हाला हे कधी कळलं. मी म्हणाले, काल, एका पोस्टकार्डामुळे.

पास झालेले नाही. प्रबंध मागे घेतलाय, पुढच्या सत्रात नव्याने द्यायचा. आई अजून बोलत नाही. रात्री अजून दचकून उठते.

पण याला एक अपवाद आहे. चित्रासमोर मी डावा हात वर केला, तेव्हा पेन्सिल थेट तिच्या ब्रशसमोर आली. आरशात येते तशी. मी डावरी, आरशात उजवी दिसते. मग तीही डावरी कशावरून नाही? सिद्ध काहीच झालेलं नाही, ती खरोखरच उजवी असेल आणि चित्र भावाचंच असेल. पण डाव्या हाताचे फटकारे कुठल्या बाजूला कलतात ते मला कुणी शिकवायला नको. परीक्षकांनी परवानगी मिळवून दिलीय : चित्र भिंतीवर लागण्याआधी मी शनिवारी सकाळी ते जवळून बघू शकते.

त्या वेळी मोठा आरसा धरायला कुणीतरी लागेल. घाबरलेला माणूस चालेल, मीही घाबरलेलीच असेन. लाथ मारणारा चालणार नाही. येणार असशील तर कळव, पण पाकिटात नको, पोस्टकार्डावर. म्हणजे शिपाईही वाचेल आणि तू शहाण्यासारखं लिहिशील.

लोभ आहे असे तूर्त धरून चालावे. पुरावा मिळाल्यावर कळवीन.

तळटीप